भरवसा आणि पत : जुन्नरच्या लेण्यांपासून नारायणगावच्या राहुट्यांपर्यंत

मराठीत 'पत' हा शब्द लहान, पण त्याचा संसार मोठा. पत असलेल्या माणसाला उधार मिळते, त्याच्या शब्दावर माल सुटतो, त्याच्या दुकानाची पाटी वाचून परगावचा माणूसही आत शिरतो. पत गेली की भरल्या दुकानात माशा बसतात. छोट्या धंदेवाल्याला शहाणपण शिकवणारी जी पुस्तके बाजारात मिळतात, त्यांत पत मिळवण्याचे मार्ग ठरलेले असतात. माल चोख ठेवा, माप पुरे द्या, दिला शब्द पाळा, खोट निघाली तर भरून द्या; गिऱ्हाईक भरवसा ठेवील आणि तुमचे नाव हीच तुमची पुंजी होईल. हा उपदेश खोटा नाही, पण तो अर्धा आहे. गिऱ्हाईक आधी माल पाहते आणि मग माणूस, असे त्याने धरून चाललेले असते. आपल्या समाजव्यवस्थेत हा क्रम उलटा आहे. इथे आधी माणसाची जात पाहिली जाते, मग ठरते की त्याचा माल पाहायचा की नाही.

मी पारगावचा. आमच्या भागात पारगावे दोन. एक जुन्नर तालुक्यातले पारगाव तर्फे आळे. दुसरे आंबेगाव तालुक्यातले पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक, जिथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. मी पहिल्यातला. परगावी 'पारगाव' म्हटले की लगेच प्रश्न येतो, कुठले? तर्फ सांगितल्याशिवाय गावाची ओळख पुरी होत नाही. माणसाचेही तसेच. नाव सांगितले की आडनाव विचारतात, आडनावाने उलगडा झाला नाही तर वस्ती विचारतात. आमच्या वस्तीतल्या एका पोराने स्टँडजवळ चहा-वडापावचे दुकान टाकायचे ठरवले तेव्हा त्याची पहिली अडचण भांडवलाची नव्हती. तो मला म्हणाला, "गुरुजी, पाटीवर आडनाव लिहू का नको?"

या साध्या प्रश्नाच्या पोटात दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मातीतच घडलेला आहे. तो मांडण्याआधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. भरवसा म्हणजे दुसऱ्याने आपल्या कामावर विसंबून राहणे. पत म्हणजे त्या विसंबण्याची किंमत आपल्याला मिळणे : दाम, उधार, मान आणि नाव. एखाद्यावर साऱ्या गावाचा भरवसा असू शकतो आणि तरीही त्याला काडीची पत नसू शकते. आपल्या पूर्वजांची गोष्ट हीच आहे.

आरंभ लेण्यांपासून करतो. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत, शिवनेरीवर, मानमोडीत, लेण्याद्रीला, तुळजा लेण्यात, दोनशेहून अधिक कोरीव खोदकामे आहेत. त्यांतली बहुतेक बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. कोकणातून नाणेघाट चढून आलेला व्यापार जुन्नरात उतरत असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आजही उभा आहे आणि तो जकातीच्या नाण्यांसाठी होता असे लोक सांगतात. या व्यापाराच्या पैशातून लेणी उभी राहिली. दाते कोण होते हे भिंतींवरच्या ब्राह्मी लेखांत आहे. राजे-मंत्री आहेत, तसे साधे धंदेवाईकही आहेत. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आहे. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा एक तुटलेला लेख आहे. त्यात दोन श्रेणींकडे पैसा गुंतवल्याची नोंद सापडते. एक कासकारांची, म्हणजे काशाची भांडी घडवणाऱ्यांची. दुसरी वसकारांची, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांची.

क्षणभर थांबून याचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. टोपल्या, सुपे, चटया विणणाऱ्यांच्या संघाकडे कुणी तरी धर्मकार्यासाठी रक्कम ठेवतो, आणि तिच्या उत्पन्नावर भिक्षुसंघाची सोय कायम होत राहील असे समजतो. म्हणजे हे बांबूवाले उद्या पळून जाणार नाहीत, हिशेब बुडवणार नाहीत, त्यांचा धंदा चालत राहील, याची त्या दात्याला खात्री होती. आज आपण बँकेत ठेव ठेवतो तशी त्याने बुरडकाम करणाऱ्यांकडे ठेवली. आजचे बुरूड त्यांचेच वंशज आहेत असा दावा मी करीत नाही. तसा पुरावा नाही. पण धंदा तोच आहे. त्या धंद्याला एके काळी दगडावर कोरण्याइतकी पत होती आणि पुढे त्याच धंद्याचा माणूस बाजारात खालच्या पायरीवर बसवला गेला. कामात तर काही खोट आली नव्हती. टोपली पूर्वीइतकीच घट्ट विणली जात होती. बदलली ती समाजाची नजर.

ही व्यवस्था कशी चालत असे याचा स्पष्ट नमुना जवळच्याच नाशिकला आहे. पांडवलेणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्रिरश्मी डोंगरातल्या १० क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. काळ साधारण इ. स. १२०. त्याने ३००० कार्षापण संघाला दिले, पण ते भिक्षूंच्या हाती न देता गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे गुंतवले. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळायचे. हिशेब करून पाहा : २००० वर वर्षाचे व्याज २४० आणि वीस बारे २४०. एका नाण्याचीही तफावत नाही. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज उपभोगायचे, असेही लिहून ठेवले आहे. आणि शेवटी : हे सारे नगरसभेत जाहीर वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवले.

पत कशाची बनते हे या लेखात दिसते. एक, विणकर एकटा नव्हता. त्याची श्रेणी होती, एक मेला तरी संघ उरत होता. दोन, व्यवहार लिहिलेला होता. तीन, तो चार लोकांसमोर जाहीर केलेला होता. विणकराच्या चांगुलपणावर कुणी कविता केली नव्हती. त्याच्या कामाला संघाचा, लेखाचा आणि साक्षीचा आधार होता. त्या काळी सारे समान होते असे मी म्हणत नाही. दासही होते, वर्णाचा अहंकारही होता. पण बुद्धाच्या धम्माला मानणाऱ्या त्या व्यापारी जगात हाताने काम करणाऱ्याचा पैसा आणि शब्द विटाळत नव्हता, एवढे दगडच सांगतो आहे.

आता गावगाड्याकडे येऊ. महाराची कामे पाहा. गावचा वसूल तालुक्याला पोचवणे, रात्रीचा पहारा, मेल्याची खबर भावकीला नेणे, शिवेचा तंटा पडला की खरी शीव कुठली याची साक्ष देणे. पैसा, राखण, बातमी आणि जमीन या चार गोष्टींवर गाव उभा असतो आणि चारही महाराच्या भरवशावर टाकलेल्या. सरकारी रक्कम घेऊन एकट्याने रान तुडवणाऱ्या या माणसाला परत आल्यावर पाटलाच्या वाड्यात पाणी मात्र वरून ओतले जाई. खजिना त्याच्या हातून विटाळत नव्हता, पाणी विटाळत होते.

मोटेचे उदाहरण आणखी बोलके आहे. इंजिन आणि विजेचा पंप येण्याआधी आमच्याकडचा बागायत मोटेवर चाले. मोटेचे कातडे ढोराने कमावलेले, मोट चांभाराने शिवलेली, नाडा आणि सोंदूर मांगाने वळलेले. धावेवर बैल उतरू लागले की सारा भार त्या नाड्यावर येई. नाडा तुटला तर बैल कोसळे, माणूस जायबंदी होई. मांगाचा पीळ चोख आहे या भरवशावर कुणबी डोळे मिटून बैल हाकीत असे. त्याच विहिरीवर त्या मांगाने घागर बुडवली तर विहीर बाटे. जे पाणी ढोर-चांभाराच्या कातड्यातून आणि मांगाच्या दोरावर वर येत होते, ते पाणी त्यांच्या स्पर्शाने नासत होते!

मालाच्या चोखपणात काय कमी होते? काहीच नाही. पण इथे गिऱ्हाईकच नव्हते. बलुत्यात मालाला भाव नसतो. खळ्यावर जे पडेल ते उचलायचे असते. विकणाऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही, दुसऱ्या गावी जास्त दाम घेता येत नाही, मालावर आपले नाव घालता येत नाही. नाड्यावर कुणा मांगाचे नाव कधी आले? म्हणून मी म्हणतो की गावगाड्याने आपल्याकडून भरवसा घेतला आणि पत दिली नाही. श्रेणीच्या विणकराकडे जे तीन आधार होते त्यांतला एकही बलुतेदाराकडे उरला नव्हता. जातपंचायत होती, पण ती आपल्याच माणसाला दंड करण्यापुरती. लेख होता, पण तो कुलकर्ण्याच्या दप्तरात. साक्ष होती, पण ती आपण दुसऱ्यासाठी द्यायची. मुंबई राज्याने कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द केली तेव्हा ही बांधिलकी कागदावरून गेली. बाजारात उभे राहण्याचे बळ मात्र कायद्याने आपोआप येत नाही.

बाजारात उतरल्यावर काय होते हे साक्षात बाबासाहेबांनी अनुभवले आहे. बडोद्याची नोकरी अपमानामुळे सोडून ते मुंबईस परतले. सिडनहॅम कॉलेजात नोव्हेंबर १९१८ मध्ये प्राध्यापक होण्याआधीच्या त्या ओढगस्तीच्या काळात त्यांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची एक पेढी काढली. कोलंबिया आणि लंडन इथे अर्थशास्त्र शिकलेला माणूस. त्याच्याइतका जाणता सल्लागार त्या बाजारात कितीसे असतील? गिऱ्हाईक येऊही लागले. पण पेढीचा मालक अस्पृश्य आहे हे कळताच ते आटले आणि पेढी बंद पडली. सल्ला तोच, हिशेब तोच, माणूसही तोच. काल भरवशाचा होता, आज नाही. उपदेशाच्या पुस्तकातले सारे नियम इथे पाळलेले होते. पुढे सिडनहॅममध्ये विद्यार्थी त्यांची व्याख्याने ऐकायला गर्दी करीत, आणि त्याच कॉलेजात काही सहकारी प्राध्यापकांनी त्यांनी शिक्षकांच्या माठातले पाणी पिण्यास हरकत घेतली. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. म्हणजे मालाची पारख होण्याआधीच पाटी पुसण्याचा हा प्रकार. गिऱ्हाइकाला मालाची खबरच लागू द्यायची नाही!

मग आपल्या लोकांनी आपल्या जातीच्या नावासकट बाजारात पत मिळवली असे कुठे घडलेच नाही काय? घडले. ते पारगावपासून फार दूर नाही. ते नारायणगावला घडले, आणि ते घडवले तमाशाच्या फडांनी.

तमाशाचे नाव काढताच आपल्यातले काही वाचक भुवया उंचावतील. त्याचा विचार पुढे करू. आधी फड हा एक धंदा म्हणून पाहू. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात. राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत मॅनेजर वही घेऊन बसलेला. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, राहुट्या हिंडतात, तारीख सांगतात, सुपारीची घासाघीस होते, विसार दिला जातो आणि तारीख वहीत चढते. देवाची यात्रा एका तिथीची. त्या तिथीला फड आला नाही तर गावाची वर्षाची हौस गेली आणि पंचांची चार गावांत शोभा झाली. म्हणून कमिटीवाला माल बघत नाही. माल तर अजून व्हायचा आहे! तो फलकावरचे नाव बघतो. या नावाचा फड मागल्या साली वेळेवर आला होता काय, गण-गवळणीपासून वगापर्यंत पुरा खेळ केला होता काय, दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी दिली होती काय, एवढेच तो स्वतःला विचारतो. पुढच्या महिन्यातल्या एका रात्रीसाठी आज पैसे मोजणे, हाच पतीचा सर्वांत निर्मळ नमुना आहे.

या नावांची घडण पाहण्याजोगी आहे. नारायणगावकर, शिरोलीकर, मांजरवाडीकर, अवसरीकर, कवठेकर, ढवळपुरीकर. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवले, त्यांतल्या कितीकांनी गावाचेच नाव आपल्या नावाला जोडले आणि ते नाव साऱ्या महाराष्ट्रात नेले. अवसरी बुद्रुक किंवा मांजरवाडी कुठे आहे हे विदर्भ-खानदेशातल्या माणसाला फडाच्या फलकावरून कळले. दुसरी चाल 'सह' या शब्दाची. 'तुकाराम खेडकर सह पांडुरंग मुळे', 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर', 'मंगला बनसोडे सह नितीनकुमार करवडीकर'. जुन्या नावाचा भरवसा नव्या नावाला जोडून द्यायचा, म्हणजे मालक बदलला तरी गिऱ्हाईक तुटत नाही. आणि सर्वांत धाडसी फलक होता 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर'. जात लपवली नाही, झाकली नाही. जी शिवी म्हणून वापरली जाई ती फलकावर लिहिली आणि तिच्यापुढे सुपारी मोजायला लावली. ज्या गावच्या विहिरीवर मांगाला पाय ठेवता येत नव्हता, त्या गावचे पंच 'मांग' या अक्षरांखाली बसून तारीख मागत होते.

हा विजय खराच होता, पण त्याला हद्द होती. गिऱ्हाइकाने फडाकडून घेतले ते कानाने आणि डोळ्याने घ्यायचे. तोंडाने घ्यायचे काही नाही. रात्रभर ज्यांच्या गाण्यावर फेटे उडाले, त्यांची चूल गावाबाहेर आणि पाणी वेगळे. आणि जिथे हा माल पांढरपेशाला आपल्या घरच्या बायकामुलांसह घ्यायचा होता, तिथे आधी त्याचे नाव बदलावे लागले. १९४७-४८ च्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, मग अश्लीलता काढण्याच्या अटी घालून ती उठवली. तमाशाचे 'लोकनाट्य' झाले. अण्णाभाऊ साठे यांनी लाल बावटा कलापथकातून हे रूप क्रांतीच्या कामाला लावले, त्यामागे वेगळी निष्ठा होती. पण पुढे नाट्यगृहात जे लोकनाट्य रंगले, १९६५ च्या 'विच्छा माझी पुरी करा'सारखे, त्याला मध्यमवर्ग निर्धास्तपणे आला. गण तोच, गवळण तीच, सोंगाड्या तोच. नाव बदलले, करणाऱ्यांची जात बदलली, आणि मालावरचा संशय गेला. नंतर खुद्द फडांनाही फलकावर 'लोकनाट्य तमाशा मंडळ' असे लिहावे लागले. आपलाच माल आपल्याला दुसऱ्याच्या शिक्क्याने विकावा लागला.

या पतीची किंमत कुणी मोजली? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याकडे पाहा. जन्म १९३५, पंढरपूरचा. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून सन्मान. १९६२ च्या चीन युद्धात सरहद्दीवर जवानांपुढे कार्यक्रम. नऊ महिने भरलेले असताना त्या उभ्या राहिल्या, खेळाच्या मध्ये बाळंत झाल्या आणि पुन्हा मंचावर येण्यास निघाल्या, ही गोष्ट महाराष्ट्रभर कौतुकाने सांगितली जाते. मला तिच्यात कौतुकाआधी धंद्याचा क्रूर नियम दिसतो. तिकीट काढलेला प्रेक्षक परत गेला तर फडाचे नाव जाईल, नाव गेले तर पुढची तारीख जाईल, तारीख गेली तर पन्नास पोटे उपाशी राहतील. बाईच्या शरीराखेरीज दुसरे तारण नव्हते, म्हणून शरीरच तारण ठेवले. विणकरांच्या श्रेणीतला एखादा आजारी पडला तर संघ व्याज भरीत असे. फडाच्या मालकिणीमागे सावकार होता. हंगामाआधी कलावंतांना उचल द्यायची, ट्रक-कनातीचा खर्च करायचा, तो चढ्या व्याजाच्या कर्जातून. आणि यात्रेची कमाई ते कर्ज फेडण्यात जायची. १५ जानेवारी २००२ ला विठाबाई गेल्या तेव्हा शेवटच्या आजारातला उपचारांचा खर्चही लोकांच्या मदतीतून भागवावा लागला होता. नंतर शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ज्या नावावर हजारो गावांनी भरवसा ठेवला, त्या नावाच्या बाईला पत मिळाली ती मेल्यावर.

आता चळवळीच्या आक्षेपाकडे येतो. महाडच्या काळात पठ्ठे बापूराव यांनी आपल्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकिकत आपल्यात सांगितली जाते. ब्राह्मण बापूराव कवी म्हणून नावाजले गेले आणि त्या खेळाला जिच्यामुळे गर्दी होई ती हिवरगावची महार पवळा मात्र बाजारातली बाई ठरली. आपल्या स्त्रियांच्या अप्रतिष्ठेवर उभा राहिलेला पैसा मुक्तीच्या कामाला लावायचा नाही, ही बाबासाहेबांची भूमिका होती आणि ती योग्यच होती. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रीची हीच कोंडी उलगडून दाखवली आहे. मी तमाशाचा गौरव करीत नाही. फडाने कमावलेल्या पतीतले बळ आणि तिची हद्द, दोन्ही समजून घेतल्याशिवाय आजच्या दुकानदाराला सांगण्यासारखे आपल्याजवळ काही नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आज काय आहे? कायद्याने अस्पृश्यता गेली. वजनमापांवर सरकारी शिक्का आला, खाद्यपदार्थांना परवाना आला. शिक्का माणसाची जात विचारत नाही, ही मोठीच सोय. दुधाचे पाहा. दलिताच्या गोठ्यातले दूध शेजारच्या आळीत रतीब म्हणून घ्यायला लोक अजून कचरतात. पण डेअरीच्या यंत्रात फॅट मोजली जाते, जात नाही. टँकरमध्ये सगळे दूध एक होते, कंपनीच्या पिशवीत बंद होते, आणि तीच पिशवी कचरणाऱ्याच्या दारात येते. तो बिनघोर पितो. मोठ्या कंपनीच्या नावाचा हा दुहेरी गुण आहे : ते आपल्याला थारा देते आणि आपल्याला नाहीसेही करते. सगळीकडे एवढाही थारा नाही. ११ राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीवर आधारलेला जो ग्रंथ २००६ साली प्रसिद्ध झाला, त्यात कित्येक गावांत दलितांचे दूध सहकारी डेअरीतही घेतले जात नसल्याचे नोंदले आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे सारख्याच शिक्षणाचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठवले. दलित आडनावांना बोलावणी कमी आली. माणूस समोर नव्हता, काम पाहिलेले नव्हते. अडवले ते आडनावाने.

म्हणून वस्तीतल्या त्या पोराच्या प्रश्नाला 'लिही' किंवा 'लिहू नको' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. पाटीवर देवाचे किंवा डोंगराचे नाव घातले म्हणून गावात काही लपत नाही. आडनाव पाटीवर नसले तरी पंचक्रोशीच्या तोंडपाठ असते. शहरात लपते, पण बाबासाहेबांच्या पेढीसारखे एक दिवस उघडे पडते, आणि मग माल खराब नसूनही फसवल्याचा आळ येतो. लपवून मिळवलेली पत ही उसनी असते. मी त्याला सांगितले ते असे : आडनाव लिही, पण एकटा उभा राहू नकोस.

एकटा न राहणे म्हणजे काय, हे जुन्नर-नाशिकच्या दगडांनी सांगितलेले आहे. पहिली गोष्ट संघ. दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना २००५ साली पुण्यात स्थापन झाली. कारखानदार आणि कंत्राटदारांना तिचा उपयोग आहे. पण स्टँडवरचा चहावाला, वाजंत्रीवाला, चपला शिवणारा, दुधाचा धंदा करणारी बाई यांची श्रेणी कुठे आहे? तालुक्यापुरती का होईना, अशा धंदेवाल्यांची पतसंस्था हवी. ती एकमेकांच्या कर्जाला आणि कामाला जामीन राहील. एखादा आजारी पडला, एखाद्याच्या दुकानावर बहिष्कार आला, तर मागे उभी राहील. २०२० आणि २०२१ च्या महामारीत यात्रा बंद झाल्या, नारायणगावच्या राहुट्या पडल्या नाहीत, आणि फडांच्या मागे फक्त कर्ज उरले. संघ असता तर सावकाराच्या दारात एकेकट्याने उभे राहावे लागले नसते.

दुसरी गोष्ट लेख. आपला आजा अंगठा देत होता आणि कागद दुसऱ्याच्या घरी राहत होता. आता वही आपल्या घरी पाहिजे. रोजचा माल, रोजची विक्री, उधारी, परवाना, वजनाचा दाखला हे सारे लिहिलेले असले की बँकेच्या माणसाला आपल्या तोंडाकडे पाहून पत ठरवण्याची मुभा राहत नाही. तिसरी गोष्ट साक्ष. नगरसभेत वाचून दाखवावे तसे आपले व्यवहार चार लोकांत उघडे असावेत. भाव पाटीवर, भटारखाना डोळ्यांसमोर, तक्रारीला तिथल्या तिथे उत्तर. आणि कुणी जातीवरून गिऱ्हाईक तोडत असेल तर तेही तितक्याच उघडपणे चार लोकांत सांगितले गेले पाहिजे. बहिष्कार हा खासगी अपमान म्हणून गिळायचा नसतो. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून अमलात आहे, पण तो जातपंचायतीने आपल्याच माणसाला वाळीत टाकण्याविरुद्धचा. सवर्णांनी दलितावर घातलेला बहिष्कार हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, २०१५ ची दुरुस्ती झाल्यापासून, गुन्हा आहे. दोन्ही कायदे दुकानदाराला ठाऊक असले पाहिजेत.

एक गोष्ट मात्र दुकानदाराच्या हाती नाही, आणि ती शिक्षक, विद्यार्थी, कार्यकर्ते म्हणून आपल्या हाती आहे. माल चोख ठेवणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य, तसे नजर चोख ठेवणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. ही दुसरी शिकवण कुठल्याही शाळेत दिली जात नाही. सहकारी संस्थेच्या सभेत, कॉलेजच्या उपाहारगृहाचे कंत्राट देताना, लग्नाच्या स्वयंपाकाचे काम सांगताना आपण स्वतः कुणाचे नाव पुढे करतो, इथून तिची सुरुवात होते. आपल्यातला साहेब झालेला माणूस आपल्याच वस्तीतल्या दुकानात चहा प्यायला संकोचत असेल, तर तो गावगाड्याची नजर डोक्यात घेऊनच हिंडतो आहे.

मांगाच्या नाड्यावर भरवसा ठेवून हजारो वर्षे बैल हाकले गेले आणि नाड्यावर नाव कुणाचे आले नाही. भाऊ-बापूंनी ते नाव फलकावर लिहिले. आता त्या नावाखाली स्वतःची वही आणि त्याच्या मागे स्वतःचा संघ उभा करायचा, हे आपल्या पिढीचे काम आहे.